गुंड क्रमांक चार

अनुश्री देवपुजारीने आजवर किती माणसं मारली, याची मोजदाद करायला चित्रगुप्ताला बसवलं तर तोही चष्मा काढून हात जोडेल. सकाळी दहाला ती कूलर लावून खुर्चीत बसायची आणि संध्याकाळपर्यंत धडाधड माणसं आडवी करायची. मधे जेवायला उठायची, आईच्या हातचा वरण-भात निवांत खायची आणि परत येऊन उरलेली मारायची. तिचा धंदाच तो होता. बाजारात येणारे नवे व्हिडिओ गेम आधी खेळायचे आणि ते कसे आहेत हे पुण्याच्या एका मराठी संकेतस्थळावर लिहायचं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात हे कुणाला समजावणार? म्हणून तिची आई, विमलाबाई, शेजारणींना सरळ सांगून टाकत, "कंप्युटरचं काम करते." एकोणतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीबद्दल एवढं सांगितलं तरी खूप झालं.

या खेपेचा गेम होता 'चुंगी नाका'. पुण्यातल्याच एका नव्या कंपनीने केलेला, गुन्हेगारीचा, पहिल्या मिनिटापासून रक्ताचा सडा. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला एक ट्रक ड्रायव्हर हा नायक. कॅमेरा सतत त्याच्या मागे, खांद्याच्या जरासा वर. म्हणजे अठरा तास खेळायचं आणि अठरा तास त्या बुवाची पाठच पाहायची. अनुश्रीला असे गेम मनापासून आवडत.

दोन दिवसांत तिने वहीत टिपून ठेवलं होतं ते असं: 'बंदुकीला वजन आहे. गोळी लागली की लागल्यासारखी वाटते. गाव झकास, ट्रकांचे तळ, वेल्डिंगची दुकानं, काळे पडलेले पत्रे, थेट आमच्या रायपूरची भनपुरी. गोष्ट रडकी. गुंड ठार मूर्ख. आणि चेहरे सहाच! तेच सहा जण शर्ट बदलून पुन्हा पुन्हा मरायला येतात. तो चौथा तर आतापर्यंत चाळीसदा तरी मेला असेल.'

गेम शुक्रवारी बाजारात यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत त्यातलं एक चित्र किंवा एक शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं तिने सही करून दिलेलं होतं. या धंद्यात त्याला एम्बार्गो म्हणतात. एकदा का तो मोडला की पुन्हा कुणी आधी गेम पाठवत नाही. अनुश्रीने सात वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्याचा तिला, उगाच कशाला खोटं बोला, थोडा ताठाही होता.

आज मंगळवार होता आणि घरात निराळीच गडबड होती. बाहेरच्या खोलीत ओल्या पोत्यात गुंडाळलेला पळसाच्या पानांचा ढीग पडला होता आणि विमलाबाई जमिनीवर बसून एकेक देठ सारखा करत होत्या. तीनशे साठ देठ लागतात. त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि नदीवर नेऊन त्याला रीतसर अग्नी द्यायचा. बेपत्ता झालेला माणूस बारा वर्षं परतला नाही की त्याचं असं करतात.

हा माणूस म्हणजे अनुश्रीचे वडील, रामकृष्ण देवपुजारी. रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. बारा वर्षांपूर्वी वैशाखातच, "नागपूरले जाऊन येतो, दोन दिवसांत वापस," म्हणून पिशवी घेऊन गल्लीतून गेले ते गेलेच. अनुश्री तेव्हा सतरा वर्षांची होती आणि खिडकीतून त्यांची पाठ तिने पाहिली होती. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, दवाखाने पालथे घातले, एका ज्योतिषाने 'दक्षिणेत, पाण्याजवळ' असं सांगून दक्षिणाही घेतली. ना चिठ्ठी, ना प्रेत. बारा वर्षं विमलाबाई कुंकू लावताना आरशात पाहत नसत. सवाष्ण म्हणून कुणी ओटी भरायला बोलावलं तर जायला लाज वाटे, न जावं तर अपशकुन. ना धड इकडच्या, ना धड तिकडच्या. शेवटी त्यांनीच अमरावतीला मोठ्या दिरांना, यशवंतरावांना, फोन केला. "भाऊजी, मले आता सुटायचं आहे," म्हणाल्या. यशवंतराव उद्या येणार होते, आणि विधी परवा, गुरुवारी सकाळी, महादेव घाटावर.

पुरानी बस्तीतले गुरुजी मुहूर्त काढायला आले तेव्हा जाता जाता एक गोष्ट सांगून गेले होते. विधी झाल्यावर माणूस उभा राहिला दारात, तर? तर तो जुना माणूस नव्हेच. त्याचा नवा जन्म धरायचा. बारसं करायचं, मुंज करायची, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. पहिलं लग्न जळून गेलेलं असतं. विमलाबाई त्यावर इतक्या हसल्या होत्या की गुरुजींच्या चहाची बशी हिंदकळली होती.

दुपारी तीनच्या सुमारास अनुश्रीला लेखासाठी एक चित्र हवं होतं. 'चेहरे सहाच' ही तक्रार लिहायची तर पुरावा पाहिजे. गेम जागच्या जागी थांबवून कॅमेरा हवा तिथे नेता येतो, तशी सोय यात होती. ट्रकांच्या तळावर तिने मारामारी थांबवली. गुंड क्रमांक चार नुकताच टायरमागून उठत होता. एरवी त्याच्या तोंडाला गमछा असे आणि तो तीन सेकंदांत मरतही असे, त्यामुळे धड पाहिला असा तो कधीच नव्हता. आता गमछा घसरलेला होता. तिने कॅमेरा जवळ नेला. आणखी जवळ नेला.

डाव्या भुवईत मधोमध एक आडवी खाच होती. तेवढ्या जागेवर केस नव्हते.

अनुश्री पडद्याजवळ सरकली. ती खाच तिची होती. सहा वर्षांची असताना, या घराच्या गच्चीवर, तिने फेकलेला भोवरा दोरीतून सुटून थेट बाबांच्या भुवईवर बसला होता. चार टाके पडले होते. दवाखान्यातून येताना बाबा रस्ताभर तिलाच समजावत होते, "रडतेस काहून? मले मारलं तर मले लागलं, तुले काय झालं?"

ती चेहरा फिरवून फिरवून पाहत राहिली. मिशी नव्हती. केस पांढरे, नीट कापलेले. गाल भरलेले. कान मात्र तेच, फताडे, बाहेर आलेले, जे तिलाही आले होते आणि ज्यांच्यामुळे शाळेत तिला पोरं चिडवत. या गेममधले चेहरे चित्रकार काढत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खऱ्या माणसाला खुर्चीत बसवून, चहूबाजूंनी पन्नास-साठ फोटो घेऊन त्याचा चेहरा आत उतरवतात. म्हणजे हा माणूस कुठेतरी, कधीतरी, खुर्चीत बसला होता. आणि ती दोन दिवस त्याला गोळ्या घालत होती. जेवून येऊन घालत होती. वर वहीत शेरा मारत होती, चाळीसदा मेला म्हणून. पोटच्या पोरीला बाप ओळखू आला नाही, धिक्कार असो असल्या डोळ्यांचा!

तिला काय सुचलं कोण जाणे, तिने गेम पुन्हा चालू केला. गुंड क्रमांक चार उठला, वळला. अनुश्रीने नेम धरला आणि बोट दाबलंच जाईना. तो चालत जवळ आला. तिने हललं पाहिजे होतं, ती हलली नाही. त्याने बंदूक उचलली आणि तिला मारलं. पडदा लाल झाला. पुन्हा तोच तळ, तोच टायर. पुन्हा तो आला, आणि पुन्हा त्याने मारलं. पाच वेळा तिने त्याच्याकडून मरून घेतलं. त्याचं बोट एकदाही अडखळलं नाही. यंत्र आहे ते, त्याला काय कळतंय, असं ती मनाशी म्हणत होती आणि घळघळा रडत होती.

मग तिच्यातली धंदेवाईक बाई जागी झाली. कुठल्याही गेमची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लेख लिहायचा नाही, हा तिचा नेम होता. राबलेल्या माणसांची नावं निदान एकाने तरी वाचावीत, एवढाच हेतू. आता ती हेतूबितू विसरून थेट नामावलीत घुसली. 'चेहरे' असा भाग आला. ट्रकवाला, फौजदार, गुंड एक, गुंड दोन.

'गुंड चार : रामकृष्ण देवपुजारी.'

नाव बदललेलं नव्हतं! आडनावसुद्धा नाही! बारा वर्षं तिने मनात काय काय रचलं होतं. स्मृती गेली असेल, साधू झाले असतील, कुणी डांबून ठेवलं असेल, रुळाखाली आले असतील आणि ओळख पटली नसेल. आणि हा गृहस्थ आपलं नाव छातीवर लावून उजळ माथ्याने फिरत होता. तो जगापासून लपलाच नव्हता. लपला होता तो फक्त ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन बायकांपासून.

तिने यादी पुढे सरकवली, ती थांबवण्याचं सुचलं नाही म्हणून. चार ओळी खाली होतं:

'चहाच्या टपरीवरची मुलगी : स्वरदा रामकृष्ण देवपुजारी.'

मराठी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पोरीचं नाव, मग बापाचं, मग घराण्याचं. शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या निकालावर, लग्नाच्या पत्रिकेवर असंच लिहितात. 'अनुश्री रामकृष्ण देवपुजारी' असं तिने स्वतः हजारदा लिहिलं होतं. मधलं नाव आपल्याखेरीज आणखी कुणाचं असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाप जिवंत असण्याचा धक्का ती कसाबसा पचवत होती. हे मधलं नाव मात्र पचेना.

तिने कंपनीच्या पुष्करला फोन लावला. पत्रकारांना गेम पाठवणं, त्यांच्या शंका सोडवणं हे त्याचं काम. पोरगा बोलका, गोड. ती म्हणाली, चेहऱ्यांबद्दल दोन ओळी लिहायच्या आहेत, हे लोक कुठून मिळवलेत तुम्ही?

"अहो, बजेट कुठे होतं आमच्याकडे!" पुष्कर उत्साहाने सुटला. "सगळे ओळखीचेच धरून आणले. चार नंबर ना? ते आमचे देवपुजारी काका, तुमच्याच आडनावाचे बघा. ऑफिसच्या वरच राहतात. इतका हौशी माणूस नाही पाहिला. सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी नाटक बसवतात. गेल्या दिवाळीत फोटो काढायला आले ते लेकीला घेऊनच आले, म्हणाले हिलाही घ्या कुठेतरी. गोड आहे पोरगी, दहा वर्षांची."

"बरे आहेत ना ते?" अनुश्रीने विचारलं. आवाज आपला नव्हेच असं तिला वाटलं.

"ठणठणीत! परवाच पेढे देऊन गेले, लेकीला स्कॉलरशिप मिळाली म्हणून. तुम्हाला त्यांची मुलाखत हवी आहे का? फार बोलतात मात्र."

"नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! बाहेर तिची आई जिवंत माणसाची चिता रचत बसली होती. सांगावं तर सुटका हातातोंडाशी आलेली बाई पुन्हा अडकणार, आणि तीही नुसती अडकणार नाही, अपमानात बुडणार. न सांगावं तर परवा घाटावर अग्नी आपल्याच हाताने द्यायचा, आणि तोंड मिटून. अनुश्री दारात उभी राहिली. विमलाबाई देठ मोजत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेली स्वस्थता होती.

"आई, इधर आ," ती म्हणाली. ही पोरगी घरात निम्मं हिंदीच बोले. "कुछ दिखाना है."

"काय झालं? रडली काहून तू?"

सात वर्षांत न मोडलेला एम्बार्गो तिने त्या क्षणी मोडला. विमलाबाई पदराला हात पुसत आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. अनुश्रीने थांबवलेलं चित्र जवळ आणलं. दोन दिवस पोरीला लागले, आईला दोन श्वासही लागले नाहीत. त्या खाली बसल्या, पलंगावर नव्हे, जमिनीवर.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

अनुश्रीने सगळं सांगितलं. पुणं, नाटक, पेढे. मुलीचं नाव मात्र तिला उच्चारता येईना, म्हणून तिने नामावलीतली ती ओळ समोर ठेवली. विमलाबाईंनी चष्मा लावला. ओळ वाचली. बोट पडद्यावर ठेवून पुन्हा वाचली, आणि बोट मधल्या नावावर थांबलं ते तिथेच राहिलं. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. अनुश्रीला वाटलं, आता ही कोसळणार. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"कोठं आहे ही पोट्टी? दाखव मले."

अनुश्रीने नायकाला टपरीवर नेलं. दोन वेण्यांची एक मुलगी स्टुलावर बसून पाय हलवत होती. कान फताडे.

"हीबी मरते का यात?"

"नाही आई. गेममधे लहान मुलांना गोळी लागत नाही. तसा नियमच असतो."

"बरं आहे," विमलाबाई म्हणाल्या. "पोरीचा काय दोष." मग लेकीकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या पोरीसाठी तसा नियम कुणी केला नव्हता, हे दोघींनाही त्याच वेळी आठवलं असावं, कारण विमलाबाईंनी तिचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. खाली गल्लीत कुणीतरी "भैया, जरा गाड़ी हटाओ" म्हणून ओरडत होतं.

"यशवंतकाकांना फोन करते," अनुश्री शेवटी उठत म्हणाली. "येऊ नका म्हणून सांगते. गुरुजींनाही."

"काहून?"

"काहून म्हणजे? आई, जिवंत माणसाला जाळणार आहेस तू?"

"तू दोन दिवसांत किती खेपा मारलं त्याले?"

वही समोरच उघडी होती. "चाळीस," ती म्हणाली.

"मंग मी एक खेप," विमलाबाई म्हणाल्या.

अनुश्रीला हसावं की ओरडावं कळेना. ज्या बाईने बारा वर्षं मुंगी पायाखाली येऊ दिली नव्हती, ती हे बोलत होती, तेही दुधाचा भाव सांगावा अशा आवाजात. "गुरुजींना कळलं तर? काकांना कळलं तर? पाप लागेल आपल्याला!"

"त्या तुह्या कंपनीची बंदी कवापर्यंत आहे म्हणालीस?"

"शुक्रवार, सहा वाजेपर्यंत."

"आन् विधी गुरुवारी. मंग झालं तं. सही करून देल्ली आहेस तू. शुक्रवारपर्यंत तुले कोणाले सांगताच येत नाही." विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. "मले सांगितलं ते सांगितलं. आता नको मोडू."

"और वो आ गए तो?" अनुश्रीचा आवाज चिरकला. "शुक्रवारी गेम बाजारात येणार. हा चेहरा गावागावांत जाणार. कुणीतरी ओळखेल, त्यांना विचारेल. ते इथे येऊन दारात उभे राहिले तर?"

विमलाबाई तोवर बाहेरच्या खोलीत पोचल्या होत्या. पोत्याजवळ बसून त्यांनी एक देठ उचलला आणि त्याचं पान खुडलं.

"तं गुरुजी काय म्हणे? नवा जन्म. बारसं करा, मुंज करा, आन् मंग त्याच बायकोसंग पुन्हा लगन लावा." त्यांनी देठ ओळीत ठेवला. "पहिल्या खेपेले मले कोणी विचारलं नव्हतं, अनु. माह्या बाबांनी ठरवलं, अन् मी उभी राहिली. या खेपेले त्याले दारात उभं राहून मले विचारावं लागन."

"आणि विचारलं तर?"

"तं मी नाही म्हणीन," विमलाबाई म्हणाल्या आणि पुढचा देठ उचलला. "ये, बस इथं. अजून सव्वाशे बाकी आहेत."